भामाबाईंच्या बोटीचा रंग

"टेबल ना मावशी? एवढंच? नारळी पुनवेच्या आत तुमच्या पुढ्यात आणून उभं करतो! आणि असं करतो, की अख्ख्या बाजाराने बघत राहावं!"

हे वाक्य जीवन चौबळने २०११ सालच्या जूनमध्ये, पनवेलच्या मासळी बाजारात, अशा काही आवाजात टाकलं की समोरच्या रांगेत सुकट निवडत बसलेल्या बायांनी माना वर केल्या. पुढे जे झालं ते पाहता जीवनने हे वाक्य मनातल्या मनात म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण मनातल्या मनात काही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

जीवन खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. तळोज्याच्या एका कंपनीत परचेस खात्यात होता, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंवर सह्या करायचा. स्वतः काहीतरी बनवण्याची हौस त्याने चार वर्षांपूर्वी एक चपलांचा रॅक करून भागवली होती. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला उंबऱ्यातच थांबवून तो रॅक दाखवला जायचा. "एक खिळा नाही बघा! सगळे स्क्रू!" पाहुणे बिचारे एका पायात चप्पल घालून मान डोलवायचे. त्याची बायको मोनाली म्हणायची, "चांगलाच टिकलाय. त्यावर चपला ठेवायची कुणाला परवानगीच नाही ना!"

तर, टेबल. भामाबाई उरणजवळच्या करंज्याच्या. गेली तीस वर्षं रोज टेम्पोने पनवेलला यायच्या आणि बाजारात एकाच जागी फरशीवर मांडी घालून बसायच्या. त्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी बजावलं, खाली बसणं बंद, नाहीतर ऑपरेशन.

"आता मी उबी राहून मासं इकू कं?" भामाबाई म्हणाल्या. "आनि घरी बसले तर ही जागा गेली समज. चार दिवस नाय आले, तर बग, वीतभर सरकली!"

शेवटचं वाक्य त्यांनी शेजारच्या जागेकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल असं म्हटलं. शेजारी त्यांची धाकटी जाऊ वेणूबाई बसायची. दोघा भावांची बोट दोन वर्षांपूर्वी वेगळी झाली, घरं वेगळी झाली, आणि दोघी जावांमधलं बोलणं बंद झालं. मांडीला मांडी लावून बसायचं आणि बोलायचं नाही, हे फार अवघड काम. पण दोघी ते नेटाने करत होत्या.

तेव्हा भामाबाईंना हवं होतं स्टुलावर बसून मासळी विकता येईल असं टेबल. दुकानातलं चालणार नव्हतं. बर्फाचं पाणी निथळायला उतार हवा, खारं पाणी सोसणारं लाकूड हवं, कोयता चालवायला एका बाजूला ओंडका हवा.

"पैसे अजिबात नकोत हां मावशी," जीवन म्हणाला. "मासळी द्या!"

बोली झाली. मासेमारीची बंदी होती तोवर सुकी मासळी: बोंबील, जवळा आणि सोडे. सोडे म्हटल्यावर जीवनचा आवाज जरा कापरा झाला. चौबळांच्या घराण्यात सोड्यांच्या खिचडीपुढे देवाच्या नैवेद्यालाही थोडं थांबावं लागे. बंदी उठली की दर रविवारी ताज्या मासळीचा एक वाटा, होळीपर्यंत.

भामाबाईंची अट एकच होती. "रंग आमच्या बोटीचा मार. आमच्याकडं बोट लांब समिंदरात असताना रंगावरून कलतं, कोनाची ती. गिऱ्हाईकाला बी तसंच कललं पायजे. पुडच्या रविवारी करंज्याला ये. घरचे धक्क्यावरच असतात, दाखवतील."

'घरचे' म्हणजे नवरा. त्यांचं नाव काशिराम, पण ते भामाबाईंच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"येतो म्हणजे काय! आलोच समजा!"

पुढच्या रविवारी जीवन स्कूटर काढून खरंच निघाला. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं, कारण यापुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं नाही. गव्हाण फाट्यापर्यंत गेला. तिथे बंदरावर जाणाऱ्या कंटेनरांची रांग लागलेली. पुढचं दिसेना, मागचं सुटेना. अर्धा तास झाला. बाजूच्या टपरीवर कांदाभजी तळत होते. एक प्लेट खाल्ली. रांग तशीच. दुसरी खाल्ली. दुसऱ्या प्लेटीनंतर जीवनच्या मनात एक विचार आला, आणि तो त्याला फार शहाणपणाचा वाटला. रंगच बघायचाय ना? मग त्यासाठी करंज्यापर्यंत कशाला जायला पाहिजे?

तो घरी आला. मोनालीने विचारलं, "एवढ्यात आलास करंज्याहून?"

"सकाळी रस्ता मोकळा होता."

"आणि अंगाला भज्यांचा वास?"

"करंज्याला भजी मिळत नाहीत का!"

मोनालीने त्याचा शर्ट धुवायला टाकला. पंधरा वर्षांच्या संसारात कुठल्या थापेला किती वेळ द्यायचा, हे तिला ठरवता यायला लागलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी जीवन बाजारात गेला तो मनाशी ठरवून. बोटीचा रंग कुठेतरी असणारच. आणि होताच! भामाबाईंच्या अगदी कुशीला बर्फाची एक मोठी लाकडी पेटी होती. राणी कलर, वर पोपटी पट्टा, कडेला पिवळी नक्षी, कोपऱ्यात पिवळा मासा. असा रंग बोटीशिवाय आणखी कुणाचा असणार? जीवनने मोबाइल काढला आणि फोटो मारला.

ती पेटी वेणूबाईची होती. वीतभर सरकलेली म्हणतात ती हीच. पण हे विचारायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि जीवनचं तोंड त्या वेळी दुसऱ्या कामात होतं.

"काय बोट आहे मावशी! वा! काय तिचा डौल! बघतच राहिलो मी!"

भामाबाईंचे सुकट निवडणारे हात थांबले. "गेल्तास करंज्याला?"

"म्हणजे काय! तुम्हाला शब्द दिला होता ना!"

"घरचे भेटले कं?"

इथे साध्या माणसाने 'नाही, चुकामूक झाली' म्हटलं असतं. पण जीवनला साधं काही बनवताच यायचं नाही.

"भेटले म्हणजे? हात सोडेनात माझा! जेवल्याशिवाय जाऊच देईनात!"

"जेवलास?"

"पोटभर!"

"काय होतं?"

बंदी चालू होती. ताजी मासळी म्हटली तर पकडला जाईन, हे जीवनच्या लगेच ध्यानात आलं. स्वतःच्या हुशारीवर खूश होत तो म्हणाला, "सुक्या बोंबलाचं कालवण! अहाहा! काकांच्या हाताला काय चव आहे!"

भामाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग मान खाली घालून त्यांनी पिशवीत सोड्यांच्या चार मुठी भरल्या, वर एक पाचवी टाकली आणि पिशवी त्याच्या हातात दिली. जीवनला वाटलं, खूश झाली म्हातारी!

काम मात्र त्याने जीव लावून केलं. भामाबाईंना स्टुलावर बसवून त्यांच्या कोपराची उंची मोजली, गुडघ्यांना जागा किती लागते ते मोजलं, तराजू कुठल्या हाताशी हवा ते विचारलं. कॉलनीतल्या एका इमारतीचे जुने सागवानी दरवाजे निघाले होते, ते मिळवले. गच्चीवर रोज संध्याकाळी करवत चालायची. टेबलाला पुढे बेताचा उतार दिला, पाणी जायला पन्हळ केली, खाली बादलीसाठी जागा केली. ओंडका असा बसवला की वर उभा माणूस नाचला तरी हलणार नाही. जीवनने स्वतः नाचून बघितलं.

मधल्या रविवारांत भामाबाई दोनदा म्हणाल्या, "दादूस, रंगाचं जरा सांगायचं होतं. निला हाय ना, तो..."

"मावशी, मला सांगता? अहो, बोट डोळ्यांत भरलीय माझ्या! डोळे मिटले की समोर उभी राहते!"

"तसं नाय, पन..."

"तुम्ही निश्चिंत राहा!"

ऐकून घेतलं असतं तर 'बघितली नाही' हे कबूल केल्यासारखं झालं असतं ना! भामाबाईंनी सोडे भरले.

आषाढ संपता संपता जीवनने सोड्यांच्या खिचडीचं जेवण घातलं. अख्खा तिसरा मजला जेवला. हातात खिचडीची ताटं घेऊन सगळे गच्चीवर टेबल बघायला गेले. राणी, पोपटी, पिवळा, ऑइलपेंटचे दोन दोन हात, चारी कोपऱ्यांत चार मासे. एक शेजारी म्हणाला, "चौबळ, हे तुम्ही केलंत?" या एका प्रश्नावर जीवन पुढचे आठ दिवस जगला.

नारळी पौर्णिमा झाली. बोटी गेल्या. ज्या रविवारी करंज्याहून पहिला माल पनवेलला येणार होता, त्या सकाळी विचुंब्याच्या अंकुशच्या टेम्पोतून टेबल निघालं. वर मोनालीची चांगली चादर टाकलेली, हातात नारळ. मोनालीही बरोबर होती. ती म्हणाली, "चादर कशाला? नुसतंच नेऊ." पण जीवनला अनावरण करायचं होतं.

बाजार गच्च भरलेला. दोन महिन्यांनी ताजी मासळी! भामाबाई नवं लुगडं नेसून, केसात अबोलीचा गजरा माळून आपल्या जागेशी उभ्या होत्या. फरशी धुऊन ठेवलेली, स्टूल मांडलेलं. मागे एक उंच, वाळके म्हातारे गृहस्थ डोक्यावरून पाट्या उतरवत होते.

चौघांनी टेबल जागेवर ठेवलं. अगदी मापात बसलं. जीवनने नारळ फोडला, दोन पावलं मागे सरला आणि चादर ओढली.

अख्खा बाजार बघत राहिला. जीवनचा शब्द खरा झाला!

कोयते थांबले, तराजू थांबले. जीवनला वाटलं, बाया भारावल्यात. तो टाळ्यांची वाट बघत हसऱ्या चेहऱ्याने उभा राहिला.

पहिला आवाज आला तो वेणूबाईचा. कंबरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्या जावेशी बोलली.

"अगो बाय! माझ्या बोटीचा रंग! भामा, माझ्या हाताखाली कामाला यायचं होतं तर सांगायचंस ना. टेबल कशाला, पाट दिला असता बसायला!"

सगळा बाजार हसला. रोजच्या गिऱ्हाइकांतली एक बाई तर सरळ टेबलाशी येऊन विचारू लागली, "वेणूताई कुठेय? तिचा माल इथे का ठेवलाय आज?" पुन्हा हशा!

भामाबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्या नुसत्या टेबलाकडे बघत होत्या. त्यांच्या गजऱ्याकडे जीवनला बघवेना.

"दादूस," वेणूबाई म्हणाली, "मना दे ते! पापलेट देते तुना, होळीपतुर कशाला, पाऊस लागंपतुर!"

आणि अशा वेळी, भर बाजारात एवढी शोभा झालेली असताना, जीवनच्या तोंडाला क्षणभर पाणी सुटलं! त्याची त्यालाच इतकी शरम वाटली की त्याने ती लपवायला आवाज चढवला.

"नाही नाही! काहीतरी घोटाळा होतोय तुमचा! हाच रंग आहे भामामावशींच्या बोटीचा! मी स्वतः करंज्याला गेलो होतो! या डोळ्यांनी बघितलीय बोट! काकांना विचारा! काकांबरोबर जेवलोय मी!"

मागे पाट्या उतरवणारे म्हातारे गृहस्थ पुढे आले. हात पंचाला पुसले. आवाज मऊ होता, आणि तोच जास्त लागला.

"मीच तो. काशिराम. त्या रविवारी मी धक्क्यावर होतो, सकालपासनं. ही बोलली, पनवेलचा दादूस येनार हाय, टेबल बनवतोय, त्याला नीट जेवायला घाल. दिवस मावलेपर्यंत बसलेलो." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला, मग म्हणाले, "गर्दीत चुकला असशील. मानूस चुकतो." आणि परत पाट्यांकडे वळता वळता, जणू एवढी एक गोष्ट तरी बरोबर व्हायला हवी म्हणून, "पन जेवनात बोंबील नव्हता रं. खाडीच्या चिंबोऱ्या होत्या."

जीवनला वाटलं, फरशी दुभंगावी. पण मासळी बाजाराची फरशी पक्की असते. हातातल्या नारळाच्या अर्ध्या कवडीतून पाणी पायावर सांडलं. त्याला एकाएकी उमगलं, बोंबलाच्या कालवणाची थाप मारली त्याआधीच, करंज्याला कुणी आलंच नव्हतं हे भामाबाईंनी आपल्या घरी ऐकलेलं होतं. आठवडा उलटून गेला होता. त्यांना ठाऊक होतं! आणि तरी त्यांनी पाचवी मूठ भरली होती.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?" त्याचा आवाज पहिल्यांदाच शेजारच्या रांगेत ऐकू गेला नाही.

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकं रंगवून सांगत होतास," भामाबाई म्हणाल्या, "मनाच लाज वाटली. मी म्हनलं, आज नाय तर उद्या सांगंल. निदान रंग तरी इचारंल. दोनदा सांगाया बगितलं."

जीवनने शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"मी आत्ताच्या आत्ता रंगवून देतो!"

"तेलरंग हाय. तीन दिवस तरी वास जाईल कं? आनि मासं घेईल कोन?"

काशिराम आणि अंकुशने टेबल जरा बाजूला घेतलं. पहिला माल वितळत होता, थांबायला वेळ नव्हता. भामाबाईंनी जुना पाट मांडला. मग टेबलाचाच पाय धरून, डोळे मिटून, एक एक गुडघा दुमडत त्या फरशीवर बसल्या. बसताना तोंडून आवाज निघू नये म्हणून त्यांनी पदर दातांत धरला होता.

पाय मजबूत होता. जराही हलला नाही. त्या एका गोष्टीचं जीवनला जन्मात कधी कौतुक वाटलं नाही.

वेणूबाई हसायची थांबली होती. तिने कुणाला न दिसेल अशा बेताने आपली पेटी वीतभर मागे ओढली. पण बोलली नाही. दोन वर्षांचं वैर एका वाक्यात जात नसतं, आणि ते वाक्य तिने टोमण्यात खर्च केलं होतं.

जीवन निघायला वळला, तर मागून हाक आली, "दादूस! तुजा वाटा!" भामाबाईंनी मांदेलीचा पहिला वाटा पिशवीत घालून धरला होता. "घे. बोली हाय. टेबल बनवलंस ना? रंग चुकला, टेबल नाय चुकलं."

पिशवी मोनालीने घेतली, कारण जीवनचा हात पुढे होईना. घरी मांदेली तळून ताटात वाढताना ती एवढंच म्हणाली, "भजी असती तर तू जास्त खाल्ली असतीस."

दुसऱ्या दिवशी जीवनने रजा टाकली आणि करंज्याला गेला. कंटेनरांची रांग होती. भजीही होती. तो दोन तास स्कूटरवर बसून राहिला, पण टपरीकडे मान वळवली नाही. धक्क्यावर पोचल्यावर दिसेल त्याला विचारत सुटला, "ही काशिरामांचीच बोट ना? नक्की? मोठ्या भावाची? भामाबाईंच्या घरची?" निळी बोट, पांढरा पट्टा, खाली लाल रेघ. इतकी साधी, की एका वाक्यात सांगून झाली असती. काशिराम घरी होते. त्यांनी काही विचारलं नाही, चिंबोऱ्या वाढल्या. जीवन खाली मान घालून जेवला आणि प्रत्येक चिंबोरी फोडताना त्याला वाटत होतं की ही त्या रविवारचीच आहे.

राणी कलर निळ्याखाली दबेना. घासून घासून तीन हात दिले तेव्हा कुठे गेला. टेबलाच्या खालच्या अंगाला तेवढा राहिला, तिथे ब्रश पोचत नव्हता. वास जाईपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात भामाबाई रोज फरशीवर बसल्या, आणि जीवन रोज ऑफिसात खुर्चीवर बसताना अवघडल्यासारखा व्हायचा.

त्यानंतरच्या रविवारी टेबल बाजारात गेलं. चादर नाही, नारळ नाही. भामाबाई स्टुलावर बसल्या, गुडघे खाली नीट सोडले, कोयता ओंडक्यावर एकदा मारून बघितला आणि टेबलाच्या निळ्या कडेवरून हात फिरवला.

"करंज्याला गेल्तास म्हनं?"

"हो," जीवन म्हणाला.

"बोट बगितलीस?"

"बघितली."

"जेवलास?"

"जेवलो."

भामाबाईंनी तराजू पुढे ओढला. मग पिशवीत वाटा भरता भरता शेजारी, पेटीच्या पलीकडे बघून म्हणाल्या, "वेणू, ह्या टायमाला खरंच गेल्ता गो. काय बी वर्णन नाय केलंन!"

वेणूबाई फिसकन हसली. आणि हा वाटा होळीपर्यंत दर रविवारी या दोघींसमोर उभं राहून न्यायचा आहे, हे जीवनच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.